कॅमेऱ्यापुढची खुर्ची

म्हसा,
६ ऑक्टोबर २००८

संगणक केंद्राच्या बाईंना नमस्कार.

माझ्या आईला लिहिता येत नाही. ती पडवीत बसून सांगते आहे आणि मी, तिची मुलगी रेश्मा, ती बोलते तसंच उतरवते आहे.

"बाय, मी गुणाबाई देसले. परवा तुला फोन केला तर तू नाव-गाव इचारलंस आनि बोल्लीस, जे काय हाय ते लेखी द्या, तोंडी मी ऐकत नाय. आनि फोन ठेवलास. ठेव बाय. तुझं दुकान, तुझा कायदा. आता ऐक. माझ्या रेश्माला दोहावरनं स्थळ आलंय. पोरगा ज्ञानेश्वर, तिथं फिटर हाय. आईबाप नाय त्याला. थोरला भाऊ आनि वयनी तिथंच असतात, ती प्रमिला वयनी बोलेल ते खरं. तिला फोटो नको. ती बोल्ते, फोटोत कोन पन चांगलं दिसतं, मला पोरगी बोलताना बगायची, कॅमेऱ्यावर. मुरबाडला आमी दोनदा जाऊन बसलो. एकदा लाइट गेली. एकदा रेश्माचं तोंड दिसलं तर आवाज नाय आला. वयनी बोल्ली, आता शेवटचं. सोयरिकी जमवनारा धाऊमामा सांगतो, शापूरला एका पोरीकडं बॅटरी हाय, लाइट गेली तरी तिचं मशीन चालतं. दिवाळीनंतरचा शुक्रवार आमाला दे, शुक्रवारी तिकडं सुट्टी असते. पोरीच्या जन्माचा प्रश्न हाय, नाय बोलू नको."

ता. क. हे आईने सांगितलेलं नाही. धाऊमामांनी दिलेल्या कार्डावर तुमचं नाव आहे. आईने विचारलं नाही, मीही वाचून दाखवलं नाही. ताई, कृपा करा. — रेश्मा


शहापूर,
१० ऑक्टोबर २००८

गुणाबाई काकूंस,

पत्र मिळालं. रेश्मा, हे तूच वाचून दाखवणार आहेस, तेव्हा एकही शब्द गाळू नकोस.

काकू, आधी कार्डावरचं नाव वाचून घ्या. मनस्वी रघू वेखंडे, सापगाव. तरी ओळख पटत नसेल तर तुमच्याकडून मला मिळालेलं नाव सांगते. चकणी. आता पटली?

२००४च्या नोव्हेंबरात तुमच्या साईनाथसाठी मला बघायचं ठरलं. साईनाथ बडोद्याला नोकरीला, तुम्ही पायाच्या ऑपरेशनसाठी त्याच्याकडे आणि रेश्मा तुमच्या सेवेला. तुम्हाला इकडे येता येईना, म्हणून धाऊमामांनी टूम काढली की मुलगी कॅमेऱ्यावरच बघा. आमच्या गावात असं कुणी ऐकलंही नव्हतं. माझ्या बाबांनी तर कौतुकाने घरोघरी सांगितलं. मी नवी साडी नेसून शहापूरच्या एका दुकानात कॅमेऱ्यापुढच्या खुर्चीत बसले. पडद्यावर तुम्ही माणसं. मी तुमच्या डोळ्यांत बघून बोलत होते, निदान मला तसं वाटत होतं. पंधरा मिनिटांत सगळं आटपलं. आठ दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. तिथवर मी सोडूनही दिलं असतं.

पण जानेवारीत तुम्ही गावी परतलात, आणि म्हशाच्या जत्रेत, जिथे दोन तालुक्यांचे सगेसोयरे एकमेकांना भेटतात, तिथे तुमच्या नावाने बातमी फिरली की वेखंड्यांची पोरगी चकणी आहे. आणि लोकांची अक्कल बघा. ज्यांनी मला जन्मापासून रोज समोर बघितलं, तेसुद्धा म्हणायला लागले की आपल्याला कधी दिसलं नाही, पण कॅमेऱ्यात दिसलं म्हणजे असणारच. माझ्या सख्ख्या मावशीने मला अंगणात उजेडात नेऊन डोळे तपासले. पुढे तीन स्थळं आली. एकाने माझ्या नाकासमोर बोट धरून डावीउजवीकडे फिरवलं. एकाच्या आईने सुई-दोरा पुढे केला आणि म्हणाली, ओवून दाखव. मी पहिल्या फटक्यात ओवला. तरी नकारच आला.

नंतर मी हे दुकान टाकलं आणि पहिल्याच दिवशी मला उलगडा झाला. त्या दुकानात कॅमेरा पडद्यावर नाही, डावीकडे संगणकाच्या डब्यावर ठेवला होता. पडद्यावरच्या माणसाकडे बघितलं की पलीकडे वाटतं, ही भलतीकडेच बघते आहे. त्यात चित्र अडकत अडकत येणार, म्हणजे एक डोळा इकडे आणि एक तिकडे. बघायचं असतं ते कॅमेऱ्याकडे, माणसाकडे नाही. एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नाही, तुम्हालाही ठाऊक नव्हती. ते मी समजू शकते. जत्रेत सांगत फिरलात ते नाही समजू शकत.

आता माझ्या अटी. मनस्वीबद्दल मी खोटं बोलले असं तुम्ही लेखी द्यायचं, खाली अंगठा उठवायचा. आणि शुक्रवारी रेश्माच्या आधी तुम्ही माझ्या खुर्चीत बसून हेच दोहाच्या माणसांसमोर आणि इथे जमलेल्या पाहुण्यांसमोर बोलायचं. मग मी रेश्माला बसवीन. कबूल नसेल तर मुरबाडची लाइट तुमच्यासाठी आहेच.

मनस्वी


म्हसा,
१५ ऑक्टोबर २००८

"मनस्वी, तुझं पत्र ऐकलं. मला बोलून घेतलंस, बरं वाटलं असंल. आता माझं ऐक. मी बगितलं ते बोल्ले. माझ्या डोळ्यांनी बगितलं. माझा अंगठा काय रस्त्यावर पडलाय, कोनीपन उचलावा? सोळा पावन्यांपुढं मी माफी मागू, आनि ती पन त्या डबड्याकडं तोंड करून? तुझं लगीन नाय जमलं त्याचं खापर माझ्यावर फोडू नको. शापूर म्हंजी काय जग नाय. आमी कल्याणला जाऊ. तुझ्या दुकानाची पायरी चढनार नाय मी."

ता. क. ताई, आई तापट आहे, मनाने वाईट नाही. त्या दिवशी तुमचं काहीच चुकलं नव्हतं. निळ्या साडीत तुम्ही खूप छान दिसत होतात. माझ्यावर राग धरू नका. मी तिला समजावते. — रेश्मा


शहापूर,
२१ ऑक्टोबर २००८

गुणाबाई काकूंस,

कल्याणला जाऊन आलात असं धाऊमामांकडून कळलं. तिथल्या दुकानात एका फळीआड एक माणूस मावेल एवढीच जागा, शेजारी पोरं गोळीबाराचे खेळ खेळत होती, आणि दुकानदाराने तुमच्या पाहुण्यांना बाहेर उभं केलं. मला वाईट वाटलं असं मी लिहिणार नाही.

माझ्याकडे सोळा खुर्च्या आहेत. बॅटरी चार तास चालते. प्रमिला वहिनींनी तुम्हाला फक्त ३१ तारखेचा शुक्रवार दिला आहे, हेही धाऊमामांनी सांगितलं. दोन्ही घरांत जा-ये करणारा माणूस असला की फार सोय होते. तुम्ही बघितलं ते बोललात म्हणता. मग येऊन माझ्याकडे दिवसाउजेडी बघा, आणि जे दिसेल ते सांगा. माझ्या अटी त्याच आहेत. त्यात काडीचाही फरक होणार नाही.

रेश्मा, आता पुढचं तुझ्यासाठी आहे, हे वाचून दाखवू नकोस. तुझा यात काही दोष नाही आणि तुझं मी काही वाईट करणार नाही. तुझ्या आईने अट पाळली की मी कॅमेरा पडद्याच्या बरोबर मधोमध लावीन आणि त्याच्याखाली एक टिकली चिकटवीन. वहिनी काहीही विचारोत, तू टिकलीकडे बघून उत्तर दे. साडी बारीक नक्षीची नको, पडद्यावर ती थरथरते. मला हे सांगणारं कुणी असतं तर आज मी कुठे असते, हा विचार मी करायचा नाही असं ठरवलं आहे, तरी येतो. तुझ्या तळटिपा वाचून बरं वाटतं.

मनस्वी


म्हसा,
२५ ऑक्टोबर २००८

"मनस्वी, तू जिंकलीस. तीन दिस मी जेवले नाय, पन पोट भरून काय पोरगी उजवत नाय. लिव गो रेश्मा. मी गुणाबाई देसले, सापगावच्या मनस्वीबद्दल खोटं बोल्ले. तिची नजर सरळ हाय. झालं? खाली अंगठा दिलाय. शुक्रवारी येते. मला पायामुळं जिना चढायला वेळ लागतो, तेवढं थांब. आनि माझ्या पोरीला नीट बसव. ती तुझी वैरीन नाय."

ता. क. ताई, आई खरंच येते आहे. मी काय लिहू? — रेश्मा


शहापूर,
५ नोव्हेंबर २००८

गुणाबाई काकूंस,

कार्यक्रम पार पडला, स्थळ पक्कं झालं, काल धाऊमामा पेढे देऊन गेले. अभिनंदन. एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही, ती कळवायला हे पत्र. खुर्चीत बसलेल्या माणसाला आपण पलीकडे कसे दिसतो ते कळत नाही. मला मात्र दुसऱ्या पडद्यावर तुम्ही दिसत होतात. म्हटलं, काकूंनाही समजू दे.

तुम्ही बसण्याआधी मी कॅमेरा उचलला आणि डावीकडच्या डब्यावर ठेवला. चार वर्षांपूर्वी होता तिथेच. तुम्ही बिचाऱ्या पडद्यावरच्या प्रमिला वहिनींकडे बघून बोलायला लागलात, "मी खोटं बोल्ले, त्या पोरीची नजर सरळ हाय." वहिनींनी शेजारी वळून आपल्या नवऱ्याला विचारलं, "अहो, यांचीच नजर तिरकी आहे का?" आवाज मी मोठा करून ठेवला होता. सोळाच्या सोळा माणसांनी ऐकलं. आधी कुणीतरी एक हसलं, मग सगळेच. तुम्ही मागे वळून बघितलंत, कुणाला हसताहेत ते तुम्हाला कळेना. तेव्हा मी पुढे आले, कॅमेरा मधोमध ठेवला आणि म्हणाले, "आता बघा वहिनी, काकू बऱ्या झाल्या." पुन्हा हशा. तुमचा पदर डोक्यावरून खाली आला होता, तो सारखा करायचंही तुम्हाला सुचलं नाही.

खोटं कशाला सांगू, मला फार गोड वाटलं. चार वर्षं मी हा दिवस मनात घोळवत होते, पण तो इतका छान जाईल असं वाटलं नव्हतं. आता माझ्याकडेही दोन स्थळांचे निरोप आले आहेत. मी दोघांनाही कळवलं की मुलीला मुलगा पसंत नाही. न बघताच.

माझे बाबा मात्र त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणाले, "ती बाई लंगडत जिना उतरली, तू हात द्यायला पायजे होतास." मी त्यांना विचारलं, माझ्यापुढे सुई-दोरा आला तेव्हा त्या बाईंना तुम्ही काय म्हणालात?

रेश्माला दिलेला शब्द मी पाळला. टिकली लावली, ती छान बोलली, वहिनी खूश झाल्या. तुम्ही खुर्चीत असताना तिचा चेहरा तेवढा पांढराफटक पडला होता. घाबरली असेल. गुणी मुलगी आहे.

मनस्वी


दोहा,
१२ जून २००९

मनस्वीताई,

लग्नानंतर तुम्हाला हे पहिलंच पत्र. फोनवर बोलता येत नाही, वहिनी आसपास असतात. दर शुक्रवारी मी कॅमेऱ्यावर असते तेव्हा तुमच्या शेजारी आई असते. ती सांगत होती, हल्ली तुम्ही तिला चहा देता आणि जिन्यावर हात धरता. म्हणून तुमच्याच पद्धतीने, जे काय ते लेखी देते आहे.

इथे आपल्याकडची सात-आठ घरं आहेत. वहिनींनी त्या दिवसाची गोष्ट सगळ्यांना सांगितली आहे. नवीन कुणी आलं की त्या माझी ओळख करून देतात, "ही आमची रेश्मा. हिची आई म्हणजे ती माफीवाली." शुक्रवारी आई पडद्यावर आली की मला आत हाक मारतात, "चल गं, तुझी माफीवाली आली." आईला ऐकू जातं की नाही मला माहीत नाही. ती हसत असते.

ताई, तुम्हाला चकणी आईने म्हटलं नव्हतं. मी म्हटलं.

बडोद्याला आई पाय वर बांधून खाटेवर पडली होती. पडदा तिच्यापासून लांब होता, तिला एक निळा ठिपका दिसला असेल तर तेवढाच. दादा आणि मी पुढे बसलो होतो. दादा सकाळपासून मला टोचत होता, "बीएस्सी झालेली मुलगी कशी बोलते बघ, नाहीतर तू, गणितात दोनदा नापास झालीस." तुम्ही बोलायला लागलात आणि त्याचा चेहरा खुलला. मग तो उठून गेला आणि आईने मला विचारलं, "कशी हाय गो पोरगी?" मी म्हटलं, चकणी आहे. चित्र अडकतंय हे मला दिसत होतं. तरी म्हटलं. पुढे जत्रेत बांगड्यांच्या दुकानात मैत्रिणींना हसवायला मीच तुमची नक्कल करून दाखवली. दुसऱ्या दिवशी जत्राभर झालं की देसल्यांनी असं सांगितलं, आणि देसले म्हणजे आई. आईला आता खरंच वाटतं की ते तिनेच बघितलं होतं. "माझ्या डोळ्यांनी बगितलं" हे तिने सांगितलं तेव्हा मी खाली मान घालून लिहून घेतलं.

मला माफ करा. पण वहिनींना आणि ह्यांना कळू देऊ नका, मला इथे राहायचं आहे. आईलाही सांगू नका.

तुमची,
रेश्मा


शहापूर,
६ जुलै २००९

रेश्मा,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. मग एसटीने म्हशाला गेले आणि तुझ्या आईला ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. तू गेल्यापासून तिला वाचून दाखवणारं घरात कुणी नाही. तू सांगू नका म्हणालीस, पण तुझ्या म्हणण्याला मी आता काय किंमत द्यायची?

ती पडवीत वाल निवडत होती. माझं वाचून होईपर्यंत तिचा हात थांबला नाही. मग म्हणाली, "माहीत हाय गो मला. मला त्या दिवशी कायच दिसलं नवतं. जत्रेत बायांनी इचारलं, खरं का गो गुणाबाय, पोरगी चकनी हाय? तेवाच मला कळलं कोनाच्या तोंडातनं गेलं ते. मी बोल्ले, हो, मीच बगितलं. सतरा वर्षांची पोर. लोकांच्या पोरींची नावं खराब करते असं तिचंच नाव झालं असतं तर कोनी केली असती तिला? माझं काय, मला काय लगीन करायचंय?"

म्हणजे तुला वाटलं तसं नाही. तिला काहीही भासलं नव्हतं. सगळं ठाऊक असून ती तुला लिहायला सांगत होती आणि तूही सगळं ठाऊक असून लिहीत होतीस. एका पाटावर बसून दोघी मायलेकी, आणि एकमेकींना पत्ता लागू दिला नाहीत.

मग तिने माझा हात धरला. म्हणाली, "वयनीला सांगू नको बाय. नवा संसार हाय पोरीचा. तुझं अजून समाधान झालं नसंल तर मला परत बसव त्या खुर्चीत. कॅमेरा पायजे तिकडं ठेव. मी परत बोलते."

मी हात सोडवून घेतला आणि तडक उठले. एसटीत मला काय वाटलं ते तुला सांगते, कारण ते तुलाच ऐकायला हवं. आधी लाज वाटली. खिडकीकडे तोंड करून रडले. पण शेणव्याच्या फाट्यापर्यंत लाज ओसरली आणि राहिला तो राग. रेश्मा, माझा राग तू अजून बघितलेला नाहीस. चार वर्षं मी जो सूड जपला तो एका निरपराध बाईवर उधळला, आणि तू दोन हातांच्या अंतरावर उभी राहून बघत होतीस. सोळा माणसं तिला हसली तेव्हा तरी तू एक शब्द बोलायला हवा होतास. तुझ्या तळटिपांना भुलून मी तुझ्यासाठी टिकली चिकटवत बसले. तुझ्या आईची माफी मी म्हशाला परत जाऊन मागेन, ती देईल, कारण ती तशी आहे. मी तशी नाही.

तुझं पत्र तुझ्या वहिनींना पाठवणं सोपं होतं. पाकीट लिहूनही ठेवलं होतं, ते फाडलं. मी बोलले तर ती पुन्हा एका परक्या बाईने सांगितलेली गोष्ट होईल, आणि तशा गोष्टींचं काय होतं ते आपल्या दोघींना ठाऊक आहे.

२४ जुलैच्या शुक्रवारी आपल्याकडच्या बारा वाजता मी मशीन लावीन. त्या दिवशी वहिनी आणि ज्ञानेश्वर तुझ्या शेजारी बसलेले मला दिसले पाहिजेत. मला लिहिलंस ते सगळं तू त्यांना तोंडाने सांगायचं, बांगड्यांच्या दुकानासकट. इकडे मी धाऊमामांना आणि माझ्या बाबांना बोलावलं आहे. तुझी आई नेहमीसारखी येईल. तिला मी काहीच सांगितलेलं नाही, पण खोलीत माणसं बघितली की ती ओळखेल, आणि खुर्चीत टेकल्याबरोबर सगळं पुन्हा स्वतःच्या अंगावर घ्यायला सुरुवात करेल. मी तिला अडवणार नाही. तिला अडवायचं काम तुझं आहे.

तिच्या आधी तुझा आवाज आला तर पुढचे सगळे शुक्रवार तुमचे. तिला बोलू देऊन तू पुन्हा गप्प बसलीस, तर मी त्याच क्षणी मशीन बंद करीन, तुझ्या आईचा हात धरून तिला जिना उतरवीन आणि मुरबाडच्या गाडीत बसवून देईन. मग तुला तुझ्या आईचं तोंड बघायचं असेल तर म्हशाला ये.

मनस्वी